मोनेच्या चित्रात नेमकं बघायचं काय?

प्रश्न: फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेची चित्रं सगळे इतकी डोक्यावर घेतात, पण खरं सांगू का, मला ती अर्धवट सोडल्यासारखी वाटतात. जवळून बघितलं की नुसते डाग. यात बघायचं काय असतं?

उत्तर: अहो, तुम्ही एकटे नाही! १८७४ मध्ये पॅरिसला मोने आणि त्याच्या चित्रकार मित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं तेव्हा एका समीक्षकाने मोनेच्या 'इम्प्रेशन, सूर्योदय'ची अशीच टर उडवली होती, आणि या मंडळींना इम्प्रेशनिस्ट हे नाव त्या टिंगलीतूनच चिकटलं.

माझं ऐकाल तर वस्तू शोधत बसू नका, आधी सावली बघा. मोनेचं 'द मॅगपाय' नावाचं चित्र आहे, १८६८-६९ च्या सुमाराचं, सगळीकडे बर्फ आणि फाटकावर बसलेला एक पक्षी, बास. कुंपणाची सावली बर्फावर पडलीय ती चक्क निळी! आपल्या डोक्यात सावली म्हणजे काळी नाहीतर करडी असं फिट्ट बसलेलं असतं, पण तिथे सूर्याचा थेट उजेड पोचतच नाही, पोचतो तो निळ्या आभाळाचा, मग ती निळीच दिसणार ना. शेजारी उन्हाने पिवळसर झालेला बर्फ, त्यामुळे तो निळा अजूनच उठून दिसतो.

आता एक गंमत करा. 'सूर्योदय'चा फोटो मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, तो नारिंगी सूर्य जवळपास गायबच होतो, कारण त्याचा आणि भोवतीच्या करड्या आभाळाचा उजळपणा साधारण सारखाच आहे, म्हणजे आपल्याला जो झगमगाट वाटतो तो सगळा रंगाच्या फरकाचा खेळ.

राहिले तुमचे डाग. त्याच चित्रात सूर्याखाली पाण्यावर नारिंगी रंगाचे आडवे फटकारे आहेत, ब्रश टेकवला, ओढला, उचलला, घोटत बसला नाही. बसणार तरी कसा, उजेड थांबतोय थोडाच! रंग ट्यूबमध्ये मिळायला लागले होते त्यामुळे ही माणसं सगळं सामान घेऊन बाहेरच जाऊन रंगवायची, आणि मोनेच्या १८७० च्या, फ्रान्समधल्या त्रूव्हिलच्या समुद्रकिनाऱ्याच्या चित्रात तर रंगात अडकलेले वाळूचे कण आजही आहेत.

छोट्या छापील फोटोत यातलं फारसं काही दिसत नाही हं, रंगाचा जाड थर तर नाहीच. म्युझियमच्या वेबसाइटवरचा मोठा फोटो उघडा, झूम करून तो एक नारिंगी फटकारा बघा, मग हळूहळू मागे या आणि त्याचं पाणी कुठे होतं ते पकडा.