उत्तर: प्लेटवर झोन येतो, फ्लास्कमध्ये काहीच नाही

सुरुवातीला स्टॅफवर (स्टॅफिलोकोकस जिवाणूवर) मोठा झोन (वाढ थांबलेलं वर्तुळ) देणारा तुमचा स्ट्रेप्टोमायसिस (प्रतिजैविकं बनवणारा मातीतला जिवाणू) चार-पाच सबकल्चरनंतर (प्लेटवरून प्लेटवर नेल्यावर) गप्प झाला आणि ब्रॉथचा (द्रव माध्यमाचा) अर्कही कोरा निघाला, असं तुम्ही लिहिलंय. आमचंही काम नेमकं इथेच अडलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. आयसोलेशन (जिवाणू वेगळा काढणं) तुम्हाला येतंच, ते सोडतो.

आधी गेलंय काय ते ठरवा: जिवाणूची क्षमता, की फक्त फ्लास्कमधलं उत्पादन? पहिल्या सक्रिय प्लेटचा स्टॉक आणि आजचं सबकल्चर शेजारी-शेजारी आयएसपी-२ या अगार माध्यमावर २८ अंशांवर ७ दिवस वाढवा. दोन्हींचे ६ मिमीचे अगार प्लग (वाढीसकट कापलेल्या चकत्या) स्टॅफच्या ताज्या लॉनवर (प्लेटभर पसरलेल्या थरावर) ठेवा, प्लेट २-३ तास फ्रिजमध्ये ठेवा, मग ३७ अंशांवर रात्रभर.

जुन्याचा झोन आला आणि नव्याचा नाही, तर घात सबकल्चरच्या साखळीने केला. या कामात सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, असं माझं ठाम मत आहे. स्ट्रेप्टोमायसिसचं गुणसूत्र रेषीय असतं, त्याच्या टोकांकडचे मोठे तुकडे सहज गळतात आणि प्रतिजैविकाचे जनुक-समूह बरेचदा तिकडेच असतात. भुरभुरीत, बीजाणूंनी भरलेली कॉलनी गुळगुळीत, चकचकीत दिसू लागली की सावध व्हा. एकेक कॉलनी वेगळी करून प्रत्येकीचा प्लग तपासा. जी चालते तिचे बीजाणू २० टक्के ग्लिसरॉलमध्ये, छोट्या-छोट्या कुप्यांत, उणे ८० अंशांवर. प्रत्येक प्रयोगाला नवी कुपी. प्लेटवरून प्लेटवर नेणं बंद. स्टॉकच केला नसेल तर मूळ मातीकडे परत जाण्याची तयारी ठेवा.

दोन्ही प्लग चालले तर दोष फ्लास्कचा किंवा अर्काचा. २५० मिलिच्या फ्लास्कमध्ये ५० मिलिपेक्षा जास्त ब्रॉथ नको. हवा कमी पडली की मायसेलियमचे (जिवाणूच्या तंतूंच्या जाळ्याचे) गोळे होतात आणि उत्पादन बसतं. ग्लुकोज किंवा फॉस्फेट जास्त असलं तरी तेच. तिसऱ्या ते दहाव्या दिवसापर्यंत रोज नमुना काढा. काही स्ट्रेन ब्रॉथमध्ये देतच नाहीत. त्यांच्याशी झगडू नका. २०-३० प्लेट वाढवा, अगार बारीक चिरा आणि तेवढ्याच इथाइल ॲसिटेटमध्ये रात्रभर भिजवा (फ्यूम हूडमध्येच). स्ट्रेप्टोमायसिनसारखे पाण्यात विरघळणारे पदार्थ मात्र इथाइल ॲसिटेटमध्ये येत नाहीत. म्हणून अर्क काढल्यावर उरलेलं पाणी फेकू नका. त्यातलं इथाइल ॲसिटेट पूर्ण उडवून तेही तपासा.

अर्क मेथॅनॉलमध्ये विरघळवून कागदी डिस्कवर लावता, तेव्हा दोन कंट्रोल हवेतच: नुसता मेथॅनॉल, आणि जिवाणू न घातलेल्या माध्यमाचा तसाच काढलेला अर्क. ब्रॉथ आम्ल झाला असेल तर अर्क न काढलेल्या सुपरनेटंटचा (पेशी काढून उरलेल्या द्रवाचा) झोन फसवा असू शकतो. पीएच ७ ला आणून पुन्हा लावा.

वनस्पतीतले जिवाणू घेत असाल तर पृष्ठभाग निर्जंतुक केल्यावरचं शेवटचं धुण्याचं पाणीही प्लेटवर लावा. त्यात वाढ दिसली तर तुमचा एंडोफाइट (वनस्पतीच्या आत राहणारा जिवाणू) बाहेरचा पाहुणा असू शकतो.

जुनंच संयुग पुन्हा सापडणं ही यातली नेहमीची निराशा. स्ट्रेप्टोथ्रिसिन तर वारंवार भेटतं. १६एस (जिवाणू ओळखायचा जनुक) वरून संयुग कळत नाही, त्यामुळे शुद्धीकरणात महिने घालण्याआधी एलसी-एमएस (घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारी चाचणी) करा. एका विश्लेषण केंद्राने (नाव घेत नाही) आम्हाला फक्त लायब्ररीतल्या जुळणीचा छापील कागद दिला, कच्च्या फाइल शेवटपर्यंत दिल्या नाहीत. त्यामुळे ना ॲडक्ट (रेणूला सोडियमसारखा आयन चिकटून दिसणारी रूपं) पडताळता आले, ना दुसऱ्या डेटाबेसशी तुलना करता आली. आजही त्याचा संताप येतो. नमुना देण्याआधीच कच्च्या फाइल, यूव्ही स्पेक्ट्रम आणि ब्लँकचा (नमुन्याशिवायचा) रन मिळेल हे लेखी घ्या.