तंत्रशंका : पत्ता कोणी दिला, ते आधी पाहावे

प्रश्न : आम्ही घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला राहतो. फायबरचा डबा दिवाणखान्यात आहे. आतल्या खोलीत वाय-फाय पोहोचत नसल्याने आम्ही दुसरा राऊटर आणला आणि वायर टाकून तिथे बसवला. तेव्हापासून लॅपटॉप व फोन कधी चालतात, तर कधी ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ असे दाखवतात. सगळे बंद करून पुन्हा चालू केले की काही वेळ ठीक चालते. कंपनीचा माणूस ‘लाइन व्यवस्थित आहे’ असे सांगून गेला. दोष नेमका कुठे असावा?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : लाइन खरोखरच व्यवस्थित असावी आणि आपल्या घरात आयपी पत्ते (नेटवर्कवरील प्रत्येक उपकरणाला मिळणारे ओळखीचे आकडे) वाटणारे दोघे झाले असावेत. तरीही केवळ अंदाजावर काम करू नये. बंद-चालू करण्याची घाईही टाळावी, कारण त्याने पुरावाच पुसला जातो. अडचण चालू असतानाच विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ (ipconfig /all) ही आज्ञा द्यावी आणि समोर येणाऱ्या लांबलचक मजकुरातल्या वाय-फायच्या भागातील तीनच ओळी कागदावर उतरवून घ्याव्यात : आयपीव्ही४ ॲड्रेस (लॅपटॉपचा पत्ता), डिफॉल्ट गेटवे (इंटरनेटकडे जाण्याचे दार) आणि डीएचसीपी सर्व्हर (पत्ता वाटणारा). फोनवर वाय-फायच्या सेटिंगमध्ये, जोडलेल्या नेटवर्कच्या तपशिलात, निदान पत्ता आणि गेटवे तरी दिसतो. लॅपटॉप नीट चालत असताना हीच नोंद पुन्हा करावी आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहाव्यात.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर तो कोणी दिलेलाच नाही. विचारणा करूनही उत्तर न आल्यामुळे लॅपटॉपने तो स्वतःचा स्वतः घेतला आहे. अशा वेळी वायर सैल झाली आहे का, वाय-फायचा जोड अर्धवट आहे का किंवा राऊटरमधील डीएचसीपी बंद पडले आहे का, हे तपासावे. पत्ता आणि गेटवे दोन्ही नेहमीचेच असतील आणि तरीही संकेतस्थळे उघडत नसतील, तर ‘पिंग ८.८.८.८’ करून पाहावे. उत्तर आले तर दोष पत्त्यात नसून डीएनएसमध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या सेवेत आहे. मात्र चांगल्या वेळी गेटवे १९२.१६८.१.१ आणि वाईट वेळी १९२.१६८.०.१ असा फरक दिसला, तर वाईट वेळचा पत्ता आतल्या खोलीतल्या राऊटरने दिलेला आहे. आपल्याकडे हेच आढळेल असे मला वाटते.

असे का होते, ते समजले म्हणजे उपायही पटतो. नेटवर्कवर येणारे उपकरण ‘मला पत्ता हवा आहे’ अशी हाक सर्वांना ऐकू जाईल अशी देते. मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी २१३१ या दस्तऐवजात डीएचसीपीची ही रीत दिलेली आहे. एकाहून अधिक सर्व्हरांनी देकार दिला, तर कोणाचा घ्यायचा हे त्यात उपकरणावर सोडलेले आहे आणि बहुतेक उपकरणे आधी पोहोचलेला देकार स्वीकारतात. आपण फायबरच्या डब्यातून आलेली वायर नव्या राऊटरच्या लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणे जोडण्याच्या जागी) लावली असेल, तर एका वाड्याला दोन कारभारी अशी स्थिती होते. नव्या राऊटरने दिलेला पत्ता तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असतो, परंतु त्यासोबत तो गेटवे म्हणून स्वतःकडे बोट दाखवतो आणि त्याच्या वॅन पोर्टला (बाहेरून इंटरनेट घेण्याच्या जागी) तर काहीच जोडलेले नसते, म्हणून इंटरनेट नाही. शिवाय पत्ता ठरावीक मुदतीपुरताच मिळतो आणि ती निम्मी संपली की उपकरण नूतनीकरणासाठी ज्याने पत्ता दिला त्याच्याकडेच जाते, त्यामुळे चुकीचा पत्ता एकदा मिळाला की तो चिकटून राहतो. बंद-चालू केल्यावर योग्य डब्याचे उत्तर आधी आले, तर ‘दुरुस्त झाले’ असे वाटते. तो निव्वळ योगायोग असतो.

उपाय असा की दुसऱ्या राऊटरने वाय-फाय पसरवावे, पत्ते वाटू नयेत. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडावा आणि वायर कोणत्या पोर्टला लावायची ते पुस्तिकेत पाहावे. काम तिथेच संपते. ही सोय नसेल तर फायबरची वायर काढून फक्त लॅपटॉप त्या राऊटरला जोडावा. प्रथम त्याचा स्वतःचा लॅन पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करावा, नव्या पत्त्यावर सेटिंगचे पान पुन्हा उघडावे आणि मगच डीएचसीपी सर्व्हर बंद करावा. हा क्रम उलटा केला, तर लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही आणि सेटिंगच्या पानापर्यंत पोहोचण्यासाठी लॅपटॉपवर हाताने पत्ता भरत बसावे लागते. त्यानंतर फायबरची वायर लॅन पोर्टमध्ये लावावी आणि वॅन पोर्ट रिकामा ठेवावा. मुख्य डबा १९२.१६८.१.२ पासूनच पत्ते वाटत असेल, तर त्याची सुरुवात १९२.१६८.१.१० पासून करावी, म्हणजे हा आकडा दुसऱ्या कोणाला जाणार नाही. दोन्हींच्या वाय-फायचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवला तरी चालते.

वायर वॅन पोर्टमध्ये लावूनही इंटरनेट मिळू शकते आणि खोक्यातल्या पुस्तिकेत बहुधा तेच चित्र असते. त्यात दोन अडचणी आहेत. दोन्ही राऊटर १९२.१६८.१ हीच मालिका वापरत असतील तर मार्ग ठरवता येत नाही. आणि मालिका वेगळ्या केल्या तरी आतल्या खोलीतला प्रिंटर दिवाणखान्यातल्या लॅपटॉपला सापडत नाही. घरासाठी मी तरी ही रचना सुचवणार नाही.

प्रश्न : नेरुळला आमच्या इमारतीत स्थानिक केबलचालकाकडून गच्चीवरून आलेल्या वायरने इंटरनेट मिळते. जुना राऊटर जळाला म्हणून नवा आणला. फोन वाय-फायला जोडला जातो, पण राऊटरच्या पानावर वॅनचा पत्ता ०.०.०.० असा दिसतो. केबलवाल्याचा मुलगा राऊटरच खराब असल्याचे सांगतो. बदलून आणावा का?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : इतक्यात बदलू नये. घरातल्या फोनला पत्ता देणे आणि स्वतःसाठी बाहेरून पत्ता घेणे ही राऊटरची दोन स्वतंत्र कामे आहेत. आपल्याकडे पहिले होत आहे आणि दुसरे अडले आहे. केबलचालकाला फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, जोडणी पीपीपीओईची (युजरनेम व पासवर्ड लागणारी) आहे की डायनॅमिक (पत्ता आपोआप मिळणारी). नव्या राऊटरमध्ये पुष्कळदा डायनॅमिक आधीच निवडलेले असते. जोडणी पीपीपीओईची असेल तर युजरनेम व पासवर्ड भरल्याशिवाय पत्ता मिळणारच नाही. दुसरी, त्यांनी जुन्या राऊटरचा मॅक ॲड्रेस (उपकरणाचा स्वतःचा ओळखक्रमांक) बांधून ठेवला आहे का. तसे असेल तर नव्या राऊटरची विनंती त्यांच्याकडे अनोळखी ठरते. त्यांनी नवा मॅक नोंदवून घ्यावा हे उत्तम. ते टाळाटाळ करत असतील तर जळालेल्या राऊटरच्या तळाच्या चिकटपट्टीवरील अंकाक्षरांच्या सहा जोड्या नव्या राऊटरच्या ‘मॅक क्लोन’ या रकान्यात भराव्यात. जुना राऊटर भंगारात देण्याआधी हे करणे बरे.

जोडणी डायनॅमिक असून वॅनवर ०.०.०.० ऐवजी एखाद्या दिवशी १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसू लागला, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कोणी गच्चीवरची वायर आपल्या राऊटरच्या लॅन पोर्टमध्ये लावून संपूर्ण इमारतीला पत्ते वाटत आहे का, ही शंका घ्यावी आणि केबलचालकाला कळवावे. ते घरात बसून सुटणारे नाही. १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला पत्ता मात्र दोष नव्हे. आयपीव्ही४ चे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी आहेत आणि जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला, म्हणून सेवादाते अनेक ग्राहकांमागे एकच सार्वजनिक पत्ता वापरतात. हा टप्पा त्याच कामासाठी २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आला. ब्राउझिंगला त्याने काही बिघडत नाही. घरचा सीसीटीव्ही बाहेरून पोर्ट उघडून पाहायचा असेल, तर मात्र सार्वजनिक पत्ता मागावा लागतो.

प्रश्न : गणपतीत आमच्या वाशीच्या घरी पाहुणे आले की शेवटी आलेल्यांचे फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ येथेच अडकतात. आमचे फोन व्यवस्थित चालतात.
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : वाटायचे पत्ते संपत असावेत. राऊटरच्या डीएचसीपीच्या पानावर सुरुवातीचा आणि शेवटचा पत्ता पाहावा. तिथे २०-३० पत्त्यांचाच टप्पा असेल तर शेवटचा आकडा १०० ते २४९ असा ठेवून तो वाढवावा. आरतीला येऊन गेलेल्याचा फोन निघून गेला, तरी त्याचा पत्ता मुदत संपेपर्यंत अडकलेला राहतो, म्हणून तेवढ्या दिवसांपुरती मुदत २ तासांवर आणावी. ॲण्ड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक ॲड्रेस सहसा दाखवत नाहीत, त्यामुळे यादीत अनोळखी मॅक दिसले म्हणून कोणी वाय-फाय चोरत असल्याचा निष्कर्ष काढू नये. टप्पा वाढवूनही अडचण राहिली, तर एका वेळी किती उपकरणे वाय-फायवर घेता येतात याची त्या राऊटरची मर्यादा पाहावी.

प्रश्न : वीज जाऊन आली की प्रिंटर लॅपटॉपला सापडत नाही. प्रिंटरमध्येच कायमचा पत्ता भरावा का?
– एक वाचक, नौपाडा

उत्तर : भरता येतो, पण तो राऊटरच्या वाटपाच्या टप्प्यातला असेल तर कधीतरी तोच आकडा एखाद्या फोनलाही दिला जाऊन दोघांचेही काम थांबेल. त्यापेक्षा प्रिंटरवर पत्ता आपोआप घेण्याचीच सेटिंग ठेवावी आणि राऊटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ या पानावर प्रिंटरचा मॅक व हवा तो पत्ता नोंदवावा. त्यानंतर लॅपटॉपवरून जुना प्रिंटर काढून नव्या पत्त्याने एकदा पुन्हा जोडावा.