अमेरिकेत घरी ९ एमएम काडतुसांसाठी प्रोग्रेसिव्ह रीलोडिंग प्रेस (झाडलेली काडतुसं टप्प्याटप्प्याने पुन्हा भरणारं यंत्र) बसवताना आधी काय जपावं?

आधी टेबल भिंतीला बोल्टने घट्ट आवळा. टेबल डुललं की प्रायमर (पावडर पेटवणारी छोटी टोपी) अर्धवट बसतो आणि केसच्या (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या) तळापेक्षा वर राहतो. तो बुडाच्या पातळीपेक्षा किंचित खालीच हवा.

डाय (केसला आकार देणारे आणि गोळी बसवणारे साचे) सेट करताना एकच केस प्रेसच्या सगळ्या स्टेशनांतून, म्हणजे टप्प्यांतून, फिरवा. पावडर मेझरची (दारू मोजून टाकणाऱ्या भागाची) पहिली दहा मापं परत हॉपरमध्ये, म्हणजे त्याच्या वरच्या डब्यात, ओता, पुढची तराजूवर तोला. वजन छापील लोड डेटातल्या (कोणत्या गोळीला किती पावडर, या तक्त्यातल्या) सुरुवातीच्या आकड्यावरच ठेवा.

खरा धोका हँडल मध्येच अडकल्यावर. तेव्हा शेलप्लेटवरच्या (केस धरून फिरणाऱ्या चकतीवरच्या) सगळ्या केस काढून टाका, अंदाज नको. दुहेरी पावडरने बंदूक फुटते. पावडरच नसेल तर गोळी नळीत अडकते आणि मागून पुढची झाडली तर नळी फाटते. म्हणून गोळी ठेवण्याआधी प्रत्येक केसमध्ये डोकवायचंच, त्यासाठी प्रेसवर दिवा लावा.

भारतात मात्र परवान्याशिवाय काडतुसं बनवणं शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे.