गौतमपुऱ्याचा बिनपाण्याचा गहू

प्रश्न : काका, माझ्या आजेसासूबाई गौतमपुऱ्याच्या. त्या म्हणत, "आमचं गाव बाईनं वसवलं आणि आमचा गहू बिनपाण्याचा." हे खरं का?
– एक वाचिका, इंदूर

उत्तर : ताई, दोन्ही खरं. ती बाई म्हणजे गौतमाबाई, थोरल्या मल्हाररावांच्या पत्नी, अहिल्याबाईंच्या सासूबाई. 1734 साली बाजीरावांनी त्यांच्या नावे वेगळी जहागीर लावून दिली. होळकरांची 'खासगी' ती हीच. इंदूर जिल्ह्यातलं गौतमपुरा त्यांनी वसवलं. आता गावाचं नाव छापून येतं ते दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, तुर्रा आणि कलंगी या दोन गटांतले लोक एकमेकांवर हिंगोट (दारू भरलेली, पेटवलेली फळं) फेकतात तेव्हाच. याचं मला वाईट वाटतं, कारण त्या गावाची खरी कमाई रानात होती.

माळव्याची काळी जमीन पावसाळाभर पाणी पिऊन बसते. जुने शेतकरी गव्हाचं रान चातुर्मासात पड ठेवत आणि उघडीप मिळाली की वखरत. तण मरे, ओल आत राही. दसरा उलटला की त्या ओलीवर खोल पेरा. पुढे पाणी द्यायचंच नाही! विहिरीचं पाणी अफूला आणि उसाला. गव्हाला थंडी, दव आणि नशिबात असला तर एखादा मावठा, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस. त्यातून येई तो काठिया (ड्युरम गहू): कडक, काचेसारखा दाणा. महाराष्ट्रातले बक्षी, बन्सी याच जातकुळीचे.

आमच्याकडे वैशाखात वर्षाचं धान्य भरत. आई दाणा दाताखाली धरी. कट्ट वाजला तरच पोतं आत. मग एरंडेल चोळून कोठीत. पोळीला तो गहू ती वापरत नसे, पण बाफले (कणकेचे उकडून भाजलेले गोळे) त्याचेच. पीठ रवाळ, तूप आतपर्यंत मुरे.

1970 नंतर सोयाबीन हे पावसाळी पीक आलं आणि पड रान संपलं. पाठोपाठ ट्यूबवेल आणि लोक-1 हा नवा गहू. इंदूरच्या गहू संशोधन केंद्रानं (ते 1951 पासूनचं) मालवशक्ती, पूसा तेजस असे चांगले काठिया वाण दिले, त्याबद्दल मला आदरच आहे. पण तेजसचं पीक भरघोस येतं ते पाण्याच्या पाळ्या दिल्यावर. आजेसासूबाई सांगत तो गहू वेगळा.

सासरी अजून शेती असेल तर यंदा एक बिघा पड ठेवायला सांगा, सोयाबीन न पेरता. जुनं बी गावात कुणा म्हाताऱ्याकडे मिळतंय का तेही विचारा. पिकलं तर मला पायलीभर हवंय, पैसे देऊन.