एक गिअर शिल्लक ठेव

सप्रेम आशीर्वाद.

फ्रान्समधल्या गॅलिबिए घाटाच्या तयारीचं तुझं पत्र वाचून आधी काळजी वाटली, मग थोडा रागही आला. दीड पान तू कार्बन चाकांवर लिहिलंस, अर्धं पान पॉवरमीटरवर (पायांची ताकद वॉटमध्ये मोजतो तो), आणि शेवटी एका ओळीत उरकलंस की ग्रुपमधली मुलं म्हणतात, ३४ची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच; आकडा सगळ्यात मोठ्या चकतीच्या दातांचा, दात जास्त तितका गिअर हलका) टुरिस्ट लोकांसाठी असते, घाट २८वरच मारायचा. अगं, खरा प्रश्न त्या एका ओळीतच आहे. बाकीचं सगळं नंतर.

माझं म्हणणं एवढंच: मोठ्या चढावर तुझ्याकडे कायम एक गिअर शिल्लक हवा. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

तूच दिलेले आकडे घेऊ. तुझं वजन ५८ किलो. सायकल, बाटल्या, जॅकेट मिळून १२. म्हणजे ७० किलो वर न्यायचे. ट्रेनरवर तू दोन-तीन तास १२५ वॉट टिकवतेस. आठ टक्के चढावर १२५ वॉटमध्ये तुझा वेग ताशी साडेसात किलोमीटरच्या आतच राहणार, चाकं कितीही महाग असोत. आता पुढे ३४ची चेनरिंग (पायडलजवळची दातेरी चकती) आणि मागे २८ असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटरच्या थोडी पुढे जाते, म्हणजे त्या वेगाला मिनिटाला ४८ फेरे. मागे ३४ असेल तर ५८. वेग तोच, वॉट तेच, पण २८वर प्रत्येक फेऱ्याला पाय वीस टक्के जास्त जोर लावतात. दहा टक्क्यांचा चढ आला की २८वर ४० फेरे उरतात. चाळीसच्या केडन्सवर, म्हणजे मिनिटाला चाळीस फेऱ्यांवर, सायकल चालवली जात नाही, ढकलली जाते, आणि ती ढकलतात गुडघे. तरुण, गुणी पोरं गुडघा धरून बसतात आणि सायकल विकून टाकतात याचं मला फार वाईट वाटतं, कारण उपाय मागच्या चाकावर बसवायच्या एका कॅसेटचा असतो.

सिंहगड तू २८वर चढतेस हे मला माहीत आहे. सिंहगड तीव्र आहे, पण तासाभरात संपतो. आल्प्समधल्या मोरिएन खोऱ्यातून गॅलिबिएवर चढायचा हिशेब वेगळा. जिथून निघायचं ते सँ-मिशेल ७१२ मीटरवर. तिथून तेलेग्राफची खिंड १,५६६ मीटर, पावणेबारा किलोमीटर, सरासरी सात टक्के. मग पाचेक किलोमीटर उतरून वालवार गाव, आणि तिथून गॅलिबिए: १८ किलोमीटर, माथा २,६४२ मीटर. एकूण चढाई सुमारे २,१०० मीटर. तुझ्या ताकदीला हे चार तासांचं काम आहे. माथ्यावर हवेचा दाब पुण्यापेक्षा जवळजवळ पाव हिश्श्याने कमी असतो, म्हणजे जिथे रस्ता सगळ्यात उभा आहे तिथे तुझे १२५ वॉट येणारच नाहीत. चाकांत चारशे ग्रॅम वाचवलेस तर या चार तासांत दीड मिनिटही वाचत नाही. मग पैसे कुठे घालायचे ते तूच ठरव.

‘टुरिस्ट’ या शब्दाला घाबरू नकोस. टूर द फ्रान्समध्ये १९३७पर्यंत डिरेल्युरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेला) बंदी होती, कारण आंरी देग्रांज या संस्थापकाला गिअर बदलणं म्हणजे कमजोरी वाटायची. त्याचं स्मारक गॅलिबिएच्याच दक्षिण उतारावर, बोगद्याच्या तोंडाशी आहे. स्मारकाला नमस्कार कर, मताला नको. आज टूरमधले व्यावसायिकही उंच घाटाच्या दिवशी ३० किंवा ३४ लावतात, आणि त्यांचे वॉट तुझ्या तिप्पट असतात.

आता काम. तुझी सायकल ११ स्पीडची, गिअर शिमानोचे १०५ आर७०००. नुसती कॅसेट मागवून बसवलीस तर फसशील. याच्या आरडीचे, म्हणजे मागच्या डिरेल्युरचे, दोन प्रकार येतात. लहान केजची (चेन ताणून धरणारा खालचा भाग) एसएस, तिला ३० दातांपुढे झेपत नाही. लांब केजची जीएस, ती ३४ घेते. सायकल २८च्या कॅसेटसह आली असेल तर बहुधा एसएस असेल, आणि मग आरडी बदलावी लागेल. दुसरी गोष्ट, शिमानोची ११-३४ कॅसेट ११ स्पीडच्या रोड हबवर (चाकाच्या मध्यभागावर) बसवताना मागे १.८५ मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे पातळ कडी, लागतो. तो विसरला की लॉकरिंग पूर्ण आवळूनही कॅसेट खुळखुळते आणि गिअर आपोआप उड्या मारतात. लोक मग दिवसभर केबलचा ताण बदलत बसतात.

तिसरी गोष्ट चेन. जुनी चेन नव्या कॅसेटला तोकडी पडते. पुढची मोठी चेनरिंग आणि मागचं ३४चं स्प्रॉकेट यांच्यावरून, आरडीतून न ओवता, चेन गुंडाळून बघ; जिथे टोकं जुळतात त्याच्यापुढे दोन लिंक सोडून तोड. आखूड चेनने चुकून पुढे-मागे दोन्हीकडे मोठं पडलं तर आरडी ओढली जाते आणि हँगर, म्हणजे आरडी फ्रेमला जिथे बसते तो तुकडा, तुटतो. शेवटी बी-स्क्रू (आरडीचं कॅसेटपासूनचं अंतर ठरवणारा) इतका आवळ की वरची पुली ३४ला घासणार नाही. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, एक जादा बरोबर घे. विमानासाठी सायकल पॅक करताना आरडी सोडवून, फडक्यात गुंडाळून फ्रेमच्या आत बांध. वाकलेला हँगर सँ-मिशेलमध्ये सरळ करत बसायची वेळ येऊ देऊ नकोस.

पुढे ४६/३० दातांच्या चेनरिंगांचा क्रँक बसवला तर आणखी उत्तम. पण शिमानोच्या जीआरएक्स मालिकेतला घेतलास तर त्याची चेनलाइन (चेन ज्या रेषेत धावते ती) अडीच मिलिमीटर बाहेर असते, पुढचं डिरेल्युरही जीआरएक्सच लागतं. खर्च वाढतो. सध्या ३४-३४ पुरे.

आणि गिअर असून वापरायचा कसा, ते ऐक. या कॅसेटची शेवटची दोन स्प्रॉकेटं ३० आणि ३४. तेलेग्राफ पूर्ण ३०वर चढायचा. ३४ला हात लावायचा नाही. तेलेग्राफवर ३४ लागला, तर गिअर चुकलेला नसतो, तू जास्त जोरात जात असतेस. पहिल्या किलोमीटरपासून झाडी, सावली, ताजे पाय. सगळे तुला मागे टाकतील. जाऊ दे त्यांना. पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे इतकाच श्वास. यासाठी पॉवरमीटर लागत नाही.

वालवारनंतरचा भाग मनाला फसवतो. गाव सुटलं की रस्ता खोऱ्यातून सरळ जातो, चढ दिसत नाही, पण वेग येत नाही. इथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि ते जड गिअर टाकून जोर करतात. नको. प्लाँ लाशाला पूल ओलांडून रस्ता वळतो आणि तिथून माथ्यापर्यंत आठ किलोमीटर तोंडावर चढ. शिल्लक ठेवलेला ३४ इथे काढायचा. दर किलोमीटरला दगडावर उरलेलं अंतर आणि पुढच्या किलोमीटरची सरासरी लिहिलेली असते. सरासरी आठ म्हणजे मध्ये कुठेतरी दहा-अकरा आहेच असं समज. शेवटचा किलोमीटर, बोगद्याच्या वरून जाणारा, सगळ्यात कठीण.

वालवारला दोन्ही बाटल्या भर, पुढे पाण्याचा भरवसा नाही. नळावर ‘ओ नों पोताब्ल’ (पिण्याजोगं पाणी नाही) अशी पाटी असेल तर ते पिऊ नकोस. तासाला साठ ग्रॅम साखर पोटात जायला हवी. खजूर, केळी, काहीही चालेल, पण भुकेची वाट बघू नकोस. सकाळी सातला निघ. दुपारनंतर जुलैत ढग भरून येतात आणि वीज पडते.

माथ्यावर घाम पुसून आधी जॅकेट घाल, मग फोटो. खाली २८ अंश असतील तेव्हा वर पंधरा-सोळा असतात, त्यात उताराचा वारा. १९९८च्या टूरमध्ये पावसात पांतानी माथ्यावर थांबला, जॅकेट घातलं, आणि तरीही त्या टप्प्यात प्रतिस्पर्धी उलरिखला जवळजवळ नऊ मिनिटं मागे टाकलं. तुला थांबायला वेळ नाही असं म्हणू नकोस.

उतारावर हात हँडलच्या खालच्या वळणदार भागात. तुझी बोटं लहान आहेत, लिव्हर जवळ आणायचा स्क्रू असतो, तो इथेच फिरवून घे. वळणाआधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाब, वळणात सोड. सतत घासत ठेवलास तर रोटर तापतो आणि ऐन वेळी लिव्हर खोल जातो. भाड्याची सायकल घेतलीस तर तिथे पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो, हे निघण्याआधी तपास. आणि रस्ता उजवीकडून. चालताना लक्षात राहतं. फोटोसाठी थांबून पुन्हा निघताना सवयीने सायकल डावीकडे जाते आणि समोरून मोटरसायकल येते.

ग्रुपवर म्हणतात की काका फक्त सावकाश चालवायला शिकवतात. म्हणोत. गॅलिबिएवर प्लाँ लाशाच्या पुढे ज्याच्याकडे गिअर उरला आहे तो वर जातो आणि ज्याच्याकडे नाही तो उतरून चालतो, आणि क्लीटचे (पायडलमध्ये अडकणाऱ्या तळाचे) बूट घालून चालणं सायकल चालवण्यापेक्षाही हळू होतं. यावर मी वाद घालणार नाही.

तोवर सराव: सिंहगड लागोपाठ दोनदा, बसूनच, आणि दुसऱ्या वेळेला पहिल्याइतकाच वेळ लागला पाहिजे. जास्त लागला तर पहिल्यांदा गिअर जड होता.

उद्या आरडी उलटी करून बघ. केजच्या आतल्या बाजूला मॉडेल नंबर छापलेला असतो, शेवटची दोन अक्षरं एसएस आहेत की जीएस तेवढं कळव. मग कॅसेट मागव.

— काका