वाचकांचे प्रश्न : मालाने भरलेल्या दोन ट्रेलरची धडक

प्रश्न : ग्रामीण दुपदरी महामार्गावर दोन ट्रेलर ताशी ८० किमी वेगाने समोरासमोर धडकले, तर तो धक्का १६० च्या वेगाने भिंतीवर आदळण्याइतका असतो का?

उत्तर : नाही. वजन सारखे असेल तर प्रत्येकाला ८० च्या वेगाने भक्कम भिंतीवर आदळल्याइतकाच धक्का बसतो. खरा फरक पाडते ते वजन. एक ४० टनांचा आणि दुसरा १६ टनांचा, आणि धडकून एकमेकांत अडकले असे धरा. दोघेही जड गाडीच्या दिशेने सुमारे ३४ च्या वेगाने जातील. म्हणजे जड गाडीच्या वेगात ४६ चा फरक पडला, हलकीच्या वेगात ११४ चा.

जड गाडीचा चालक मात्र यामुळे सुरक्षित होत नाही, कारण त्याच्या पाठीमागे माल असतो. माल बांधताना पुढच्या दिशेने त्याच्या वजनाच्या ०.८ पट जोर धरतात. २० टनांच्या पोलादी कॉइलसाठी हा जोर १६ टन झाला. तो हिशेब जोरात ब्रेक मारण्याचा आहे. ८० च्या वेगातली गाडी एका मीटरमध्ये थांबली, तर तीच कॉइल सुमारे ५०० टनांचा जोर लावते. त्यापुढे साखळ्या टिकत नाहीत आणि कॉइल केबिनमध्ये घुसते. बॉनेट नसलेल्या केबिनमध्ये तर समोरूनही दबायला जागा नसते.

प्रश्न : एबीएस असूनही गाडी वेळेत थांबली नाही, असे का होते?

उत्तर : एबीएस चाके लॉक होऊ देत नाही, अंतर मात्र फारसे घटवत नाही. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चालकाचा प्रतिसाद दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर. हवा ब्रेक चेंबरपर्यंत (हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या डब्यापर्यंत) पोहोचायला अर्धा सेकंद, म्हणजे ११. नंतर कोरड्या रस्त्यावर, ब्रेक उत्तम असतील तर, ५० च्या आसपास. एकूण ९० मीटरच्या वर. ओल्या रस्त्यावर १२५ सहज होतात.

आणि ब्रेक उत्तम असतातच असे नाही. ड्रम ब्रेकमध्ये पुशरॉडचा (चेंबरमधून बाहेर सरकून ब्रेक लावणाऱ्या दांड्याचा) स्ट्रोक, म्हणजे सरकण्याचे अंतर, वाढत जातो. नेहमीच्या टाइप ३० आकाराच्या चेंबरला मर्यादा ५१ मिमीची. उतारावर ड्रम तापून फुगतो, स्ट्रोक आणखी वाढतो. थंड असताना मर्यादेला टेकलेला ब्रेक ऐन वेळी दगा देतो तो इथेच. तपासायचे असे : चाकांना उटी (अडसर) लावा, पार्किंग ब्रेक सोडा, हवा ६ ते ७ बार ठेवा, इंजिन बंद करा. पुशरॉडवर खूण करा, दुसऱ्याला पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि खूण किती सरकली ते मोजा. ऑटोमॅटिक स्लॅक अॅडजस्टर (पुशरॉडपुढची ढिलाई आपोआप काढणारा दुवा) असून स्ट्रोक वारंवार वाढत असेल, तर तो पान्याने आवळून गप्प बसू नका. क्लेव्हिस पिन (पुशरॉड त्याला जोडणारी पिन) किंवा ब्रेक फाकवणाऱ्या कॅमचे बुश झिजलेले असण्याची शक्यता मोठी.

प्रश्न : अशा अपघातानंतर तिथे पोहोचलेल्यांनी आधी काय करावे?

उत्तर : मागून येणाऱ्यांना थांबवा. दुपदरी रस्त्यावर त्रिकोण दोन्ही बाजूंना, किमान १०० मीटरवर. वळण किंवा चढ असेल तर त्याच्या अलीकडे. इग्निशन बंद करा. आग नसेल तर अडकलेल्या चालकाला ओढू नका, रक्तस्राव दाबून धरा. ज्वालाग्राही मालाचा टँकर पेटला असेल तर ८०० मीटर दूर जा, मदतही तिथूनच बोलवा.

प्रश्न : ब्रेक खरेच निकामी होते का, हे नंतर कळते का?

उत्तर : कळते, पण गाडी हलवण्याआधी. हवा संपली की स्प्रिंग ब्रेक (एरवी हवेच्या दाबाने रोखलेले पार्किंग ब्रेक) आपोआप लागतात, म्हणून क्रेनवाले चाके मोकळी करायला बऱ्याचदा स्लॅक अॅडजस्टर उलटा फिरवतात किंवा स्प्रिंग बोल्टने दाबून ठेवतात. अॅडजस्टर फिरवला की मूळ स्ट्रोक कायमचा हरवतो. प्रत्येक चाकाचे मोजमाप आणि फोटो त्याआधी घ्यायला हवेत.