इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरसाठी वेगळा मीटर? आधी मीटर रूम बघा

अहो, महावितरणचा अर्ज हा सोपा भाग. सोसायटीचं ना-हरकत पत्र आणि परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट तयार ठेवा, झालं. खरी मेख मीटर रूममध्ये आहे. बोर्डावर जागा आहे का, इमारतीची मुख्य केबल वाढीव भार पेलेल का, हे आधी तपासून घ्या. ७ किलोवॉटचा चार्जर २३० व्होल्टवर सुमारे ३० अँपिअर ओढतो, तोही तासन्‌तास. गिझरसारखा पंधरा मिनिटांत बंद होत नाही.

आणि न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, नव्या मीटरचाच हवा. आमच्या वायरमनने घरच्या मीटरचा उसना घेतला होता. आरसीसीबी (जाणाऱ्या आणि परतणाऱ्या करंटमध्ये फरक दिसला की वीज तोडणारा स्विच) रोज पडायची आणि मी बिचाऱ्या चार्जरला शिव्या घालत बसायचो! जुन्या मीटरच्या सीलला मात्र हात लावू देऊ नका, ते काम महावितरणच्याच माणसाचं.